टॅमियाचं १/१२ लोटस ४९ : इंजिन तिरकं बसलं की गाडी तीन चाकांवर

लोटस टाइप ४९ या फॉर्म्युला वन रेसिंग गाडीचं प्लॅस्टिकचं जोडणी-किट, मोसम १९६७, स्केल १/१२, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढं. जपानी कंपनी टॅमियाचा माल क्रमांक १२०५२, फोटोएच पार्ट्स (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग) घालून पुन्हा बाजारात आणलेली आवृत्ती. साचा मात्र मूळचा १९६० च्या दशकाच्या अखेरचा, म्हणजे खरी गाडी अजून शर्यतीत धावत होती तेव्हाचा. डबा उघडण्यापूर्वी एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. बॉडीचा सिगारसारखा आकार, नाकाची गोलाई, मागे उघडं पडलेलं इंजिन हे सगळं आजही नजरेत भरतं. जोडणी मात्र हल्लीच्या टॅमियासारखी नाही. आजच्या किटचे भाग एकमेकांत टक्कन बसतात. इथे प्रत्येक भाग आधी कोरडा लावून बघायचा, घासायचा, पुन्हा लावायचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. स्क्रॅचबिल्डिंगची, म्हणजे भाग स्वतः घडवण्याची, थोडी सवय असेल आणि एका गाडीवर दोनतीन महिने घालवायची तयारी असेल, तर किट घ्यावं. पहिलंच कार किट म्हणून घेऊ नये. आणि घेतलं तर फोटोएचपेक्षा जास्त लक्ष इंजिन आणि मोनोकॉक (गाडीचा पुढचा, ड्रायव्हर बसतो तो पोकळ सांगाडा) यांच्या सांध्यावर द्यावं, कारण या किटमध्ये सगळं बिघडतं ते तिथे.

त्याचं कारण खऱ्या गाडीतच आहे. लोटसचे कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी ४९ आखली ती कीथ डकवर्थच्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाभोवती. फोर्डने त्या इंजिनासाठी १ लाख पौंड मोजले. २,९९३ सीसी, ९० अंशांचं व्ही-८, सुरुवातीलाच ४०० अश्वशक्तीच्या आसपास. अॅल्युमिनियमचा मोनोकॉक ड्रायव्हरच्या पाठीमागे संपतो. तिथून पुढे चासी नाहीच. इंजिन चार जागी बोल्टने मोनोकॉकला अडकवलेलं: खाली ब्लॉकपाशी दोन, वर कॅम कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पातळीवर त्रिकोणी पट्ट्यांनी दोन. गिअरबॉक्स आणि मागचं सगळं सस्पेन्शन त्या इंजिनावर टांगलेलं. इंजिन तापलं की फुगतं, म्हणून वरच्या पट्ट्या थोड्या लवतील अशा पातळ ठेवल्या होत्या.

किटमध्ये हीच रचना आली आहे. मागची दोन चाकं इंजिनाच्या भरवशावर. खऱ्या गाडीत मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, १,५४९ मिमी, म्हणजे १/१२ मध्ये १२९ मिमी. इंजिन मोनोकॉकच्या तुलनेत फक्त एक अंश पिळलेलं बसलं, तर १२९ मिमीवर डाव्या आणि उजव्या चाकाच्या उंचीत सव्वादोन मिमीचा फरक पडतो. अर्धा अंश धरला तरी एक मिमीच्या वर. स्प्रिंगा थोडं लपवतात, पण विंग नसलेल्या, जमिनीला चिकटून चालणाऱ्या या गाडीत एक मिमीसुद्धा समोरून लगेच कळतो. बाजूच्या कोनातच काढलेले बिल्डचे फोटो दिसले की मला पहिली शंका याचीच येते.

तेव्हा सूचनापत्रकातल्या क्रमाआधी एक काम करायचं. पाच मिमी जाडीची काच किंवा ओट्याची उरलेली ग्रॅनाइटची लादी घ्या. साधं टेबल सपाट नसतं. ब्लॉक, हेड, सम्प (इंजिनाखालची तेलाची तबकडी) आणि गिअरबॉक्स रंगाशिवाय, टेपने कोरडे जोडा. ज्या पृष्ठभागांवर चिकटणार तिथल्या साच्याच्या रेघा आणि इजेक्टर पिनच्या खुणा ४०० नंबरच्या पेपरने काढा. पेपर लाकडी ठोकळ्यावर ताणून धरायचा, बोटावर नाही. बोटावर धरला की कडा गोल होतात आणि सांधा डुलतो.

चिकटवायला टॅमियाचा एक्स्ट्रा थिन हा पातळ सिमेंट वापरू नका. तो फटीत धावतो, दहा सेकंदांत पकडतो आणि दुरुस्तीला वेळच देत नाही. इथे पांढऱ्या झाकणाचा जाड सिमेंट हवा. लावून पाचसात मिनिटं सरळ करायला मिळतात, मग रबरबँडने बांधून पूर्ण रात्र ठेवायचं.

सरळ बसलं का हे डोळ्यांनी बघायची सुताराची पद्धत आहे, ती इथे बिनचूक चालते. दोन स्टीलच्या पट्ट्या घ्या, प्रत्येकी १५ सेंमी. एक मोनोकॉकच्या मागच्या बल्कहेडवर (आडव्या भिंतीवर) आडवी, दुसरी दोन्ही कॅम कव्हरच्या मागच्या टोकांवर आडवी. आता पुढून, डोळा पट्टीच्या पातळीला आणून बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या की सांधा बरोबर. एक बाजू वर झुकली तर पीळ आहे. तो काढायला वरच्या दोनपैकी एका सांध्यात ०.१३ मिमीची प्लॅस्टिक शीट घालायची. ओढून-ताणून बसवायचं नाही, कारण सिमेंट सुकल्यावर प्लॅस्टिक पुन्हा मूळ जागी जायला बघतं आणि महिन्याभराने वरच्या पट्टीपाशी चीर दिसते.

नुसत्या चिकटवलेल्या सांध्यावर माझा भरवसा नाही. खालच्या दोन जागी १ मिमीची पितळी सळई आरपार घाला: दोन्ही भाग कोरडे जोडलेले असताना एकाच वेळी भोक पाडायचं, मग सुटं करून रंगवायचं. सळई असली की रंगकाम झाल्यावर भाग नेमके त्याच जागी परत बसतात. रंग लागलेल्या पृष्ठभागावर सिमेंट पकडत नाही, म्हणून सांध्याच्या जागा आधी मास्क करायच्या किंवा नंतर ब्लेडने खरवडायच्या. शेवटच्या जोडणीला तिथे इपॉक्सी बरी.

चारही चाकं कोरडी लावून आणखी तीन मापं घ्या. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,४१३ मिमी, म्हणजे मॉडेलवर २०१ मिमी, डावीकडे आणि उजवीकडे सारखा. पुढचा ट्रॅक १,५२४, म्हणजे १२७ मिमी. मागचा १२९. डावा आणि उजवा व्हीलबेस एक मिमीने वेगळा निघाला तर मागच्या रेडियस रॉड (मागची चाकं पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या लांब सळया) एकसारख्या लांबीच्या नाहीत, किंवा इंजिन आडवं वळलं आहे. रॉड कापून लांबी जुळवणं सोपं, म्हणून आधी रॉड मोजा.

आता कुठली गाडी करायची हे ठरवायला हवं, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. बॉक्सवर ‘१९६७’ लिहिलंय म्हणून १९६७ ची कुठलीही गाडी एकच, असं नाही. मी झांडफूर्ट सुचवेन: डच ग्रां प्री, ४ जून १९६७, जिम क्लार्क, क्रमांक ५, चासी ४९/२. गाडीची पहिली शर्यत आणि पहिला विजय. क्लार्कने त्याआधी ही गाडी चालवलेलीच नव्हती; चाचण्या त्याचा संघसहकारी ग्रॅहॅम हिलने केल्या होत्या. हिलने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली, पुढे होता, पण टायमिंग गिअर गेल्याने बाहेर पडला. क्लार्क जॅक ब्रॅबमच्या पुढे साडेतेवीस सेकंदांनी जिंकला. क्रमांक बदलून मोन्झा करायचं तर २०, कायलामी १ जानेवारी १९६८ करायचं तर ४. कायलामी हा क्लार्कचा शेवटचा ग्रां प्री विजय, आणि गाडी तिथेही हिरवी-पिवळीच होती. तंबाखू कंपनीचे लाल-पांढरे-सोनेरी रंग एफ-वनमध्ये त्यानंतर आले.

शर्यत पक्की झाली की काही निर्णय आपोआप होतात. सीट बेल्टचे पट्टे नकोत. १९६७ मध्ये एफ-वनचे ड्रायव्हर सीट बेल्ट लावत नसत, सक्ती १९७२ ला आली. तरी निम्म्या बिल्डमध्ये निळे किंवा लाल पट्टे हमखास दिसतात, कारण रेफरन्स म्हणून आजच्या ऐतिहासिक शर्यतींतल्या गाड्यांचे फोटो घेतलेले असतात. त्या गाड्यांना आजच्या नियमांनी पट्टे, उंच रोलबार, मागचा लाल दिवा बसवलेला असतो. त्यात अनेक ४९ पुढे ४९बी (१९६८ ची सुधारित आवृत्ती) झाल्या, मग पुन्हा जुन्या रूपात आणल्या गेल्या. कुठला भाग कुठल्या वर्षाचा हे सांगणं अवघड होतं. १९६७ च्या गाडीला झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स आहे. ४९बीला ह्युलँड कंपनीचा आला. ४९बीचे विंग-फ्लॅप १९६८ च्या मोनॅकोपासूनचे. फोटो बघताना आधी गिअरबॉक्स बघा, मग बाकी. इंग्लंडमधल्या ब्यूलीच्या नॅशनल मोटर म्युझियममध्ये एक ४९ आहे, तिचे फोटो आकार समजायला उपयोगी. रंग, नळ्या आणि बारीकसारीक गोष्टींना मात्र १९६७ चे काळे-पांढरे फोटोच खरे.

४९बीच करायची असेल तर टॅमियाचा १२०५३ वेगळा मिळतो. १२०५२ मधून ४९बी ‘अडजेस्ट’ करायच्या फंदात पडू नये, गिअरबॉक्सपासून सगळं बदलावं लागेल.

सस्पेन्शन. पुढचं वेगळं आहे: वरचा हात रॉकरसारखा, त्याचं आतलं टोक दाबतं ते बॉडीच्या आत लपवलेल्या स्प्रिंग-डॅम्परला, म्हणजे वाऱ्यात स्प्रिंग येत नाही. मागे स्प्रिंग उघडी, वर एकच लिंक, खाली उलटा विशबोन (व्ही आकाराचा हात), दोन्ही बाजूंना दोन-दोन रेडियस रॉड. किटमध्ये धातूच्या स्प्रिंगा आहेत आणि पुढची चाकं वळतात. खेळणं म्हणून मजा. मॉडेल म्हणून हीच अडचण. प्लॅस्टिकची गाडी हलकी, स्प्रिंग तिच्या मानाने ताठ, त्यामुळे गाडी उचललेली दिसण्याची शक्यता असते. खऱ्या गाडीचं वजन ५०० किलोच्या आसपास, टाक्या भरल्या की ती आणखी खाली बसते. झांडफूर्टच्या स्टार्टलाइनच्या फोटोशी ताडून उंची ठरवा आणि मग एक-दोन वेटोळी कापा. चारही स्प्रिंगांची वेटोळी मोजून, सारखी. काहींना सस्पेन्शन चिकटवून टाकायला आवडतं. उंची बरोबर आली की मीसुद्धा तेच सुचवेन. हलणारा बॉलजॉइंट एकदा सैल झाला की पुढचं चाक कायम बाहेर पडतं.

विशबोन आणि रॉडवरच्या साच्याच्या रेघा हा कंटाळवाणा भाग आहे, पण टाळता येत नाही. गोल सळईवरची रेघ सपाट पेपरने घासली की सळई अंडाकृती होते. ब्लेडची धार आडवी धरून खरवडा, मग ८०० चा पेपर अर्धा सेंमी रुंद पट्टीत कापून बूट पुसतात तसा मागेपुढे ओढा.

इंजिनात सगळ्यात जास्त फरक पडतो तो प्लगच्या वायरींनी. खरी वायर साधारण ७ मिमी जाड, १/१२ मध्ये ०.६ मिमी. किटमधली नळी व्हर्नियरने मोजा, ०.६ च्या पुढे निघाली तर बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली पातळ मऊ वायर घ्या. आठ प्लग, दर बाजूला चार, कॅम कव्हरच्या मधोमध, कारण डीएफव्हीत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि त्यांच्या मध्यभागी प्लग. ०.६ चं ड्रिल हातानेच फिरवा, दोन मिमी खोल. मोटरवर प्लॅस्टिक वितळतं आणि भोक वाकडं होतं. डिस्ट्रिब्युटर दोन हेडच्या मधल्या व्ही-मध्ये, ट्रम्पेटखाली (हवा आत घेणाऱ्या कर्ण्यासारख्या नळ्यांखाली) आहे. तिथपर्यंत वायरी नेताना आधी डाव्या चार, मग उजव्या चार. सगळ्या एकदम अडकवल्या तर शेवटच्या दोन कधीच आत जात नाहीत.

लुकासच्या मीटरिंग युनिटकडून (इंधन मोजून देणाऱ्या भागाकडून) आठ इंजेक्टरपर्यंत जाणाऱ्या नळ्या नायलॉनच्या, किंचित पारदर्शक. त्यासाठी मासेमारीची ०.४ मिमीची नायलॉन दोरी यापेक्षा बरं काही नाही, आणि ती भाऊच्या धक्क्यावरच काय, कुठल्याही किनाऱ्याच्या गावात मिळते. आधी गरम पाण्यात बुडवून हवा तो वळसा देऊन थंड करा, नाहीतर रात्रीत सरळ होऊन सुटते. पाण्याच्या आणि तेलाच्या नळ्या काळ्या ठेवा, त्यावर पातळ चांदीच्या पट्टीचे क्लिप. लाल-निळे अॅनोडाइज केलेले फिटिंग जोडू नका. ते पुढच्या काळातलं प्रकरण आहे आणि १९६७ च्या गाडीवर ओरडून दिसतं.

इंजेक्शनचे आठ ट्रम्पेट साच्यातून जाड कडांचे निघतात. निमुळत्या रीमरने आतून हलकेच फिरवा, कड कागदाएवढी पातळ दिसेपर्यंत. जोर लावला तर फाटतात. आतून काळा, बाहेरून टॅमियाचा एलपी-११ सिल्व्हर रंग. एक्झॉस्टच्या नळ्या दोन अर्ध्यांच्या असल्या तर सांधा भरायला पुट्टी नको, एक्स्ट्रा थिन दोनदा लावून किंचित दाबा म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक वर येतं. सुकल्यावर ते घासलं की सांधा शोधूनही सापडत नाही. टोकं पोकळ करा. रंगाला एलपी-६१ मेटॅलिक ग्रे, त्यावर तपकिरी आणि किंचित निळसर वॉश (खूप पातळ केलेला रंग), हेडपाशी जास्त. इंद्रधनुष्य करू नका.

आता रंग. टॅमियाचा टीएस-९ ब्रिटिश ग्रीन या गाडीला सर्वसाधारणपणे वापरतात आणि तो वाईट नाही. माझ्या नजरेला थोडा काळपट. घरातल्या ट्यूबलाइटखाली गडद हिरवा जवळजवळ काळा दिसतो, आणि स्केल जितकं लहान तितका रंग गडद भासतो. त्यात पाचेक टक्के पिवळा मिसळला की हिरवा ‘उघडतो’. मिसळायचा म्हणजे स्प्रे डब्यातला रंग बरणीत काढून एअरब्रशने मारायचा. काढल्यावर बरणी उघडी, निदान अर्धा दिवस ठेवा. रंगात विरघळलेला गॅस निघून गेला नाही तर एअरब्रशमध्ये फसफसतो आणि बॉडीवर बुडबुडे येतात.

बॉडीवरचा पिवळा पट्टा डिकलचा (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राचा) की रंगाचा? रंगाचा. पिवळी डिकल हिरव्यावर लावली की खालचा हिरवा झिरपून पिवळा शेवाळी होतो, आणि नाकाच्या गोलाईवर लांब डिकल हमखास सुरकुतते. क्रम असा: राखाडी प्रायमर, पूर्ण बॉडीवर, पट्ट्याच्या जागी पांढरा, त्यावर पिवळा, तीन पातळ हात, चोवीस तासांनी मास्किंग, मग हिरवा. मास्क कापायला आधी डिकल शीटची शंभर टक्के मापाची झेरॉक्स काढा आणि त्यावरून पट्ट्याची रुंदी टेपवर उतरवा. टेपच्या कडेवर प्रथम एक धुक्यासारखा पिवळ्याचाच हात मारायचा. तो टेपखाली शिरला तरी पिवळ्यावर पिवळाच, आणि फट बंद झाल्यामुळे मागून येणारा हिरवा आत जाऊ शकत नाही. हिरवा हाताला कोरडा झाला की टेप लगेच, पट्ट्याच्या दिशेने मागे दुमडत काढा. दुसऱ्या दिवशी काढली तर रंगाची कड तुटते. आणि हो, नाकाचा भाग, कॉकपिटचा भाग एकत्र टेपने जोडून मगच पट्टा मास्क करा; वेगवेगळे रंगवले तर पट्टा सांध्यावर अर्धा मिमी सरकलेला दिसतो आणि तो नंतर सुधारत नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर लॅकर मारण्याचा विचार करू नये. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि ताज्या हिरव्यावर दुधाळ पांढरट थर येतो. हायग्रोमीटर स्वस्त मिळतो. ६५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर थांबा. अगदीच घाई असेल तर थिनरमध्ये दहा टक्के रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला आणि एसीच्या खोलीत हवा कोरडी करून मारा. दुधाळपणा आलाच तर नुसत्या रिटार्डर-थिनरचा एक ओलसर हात बहुधा तो काढून टाकतो.

स्प्रे डबे आणि लॅकर विमानाने पाठवायला घातक माल धरले जातात, त्यामुळे परदेशी दुकानं ते साध्या पार्सलने पाठवत नाहीत. इथे मिळाले तर ठीक, नाहीतर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून मिसळून घेतलेला हिरवा उत्तम चालतो. फक्त त्याचा थिनर प्लॅस्टिक खातो. प्रायमर नसेल तर बॉडीला जाळीसारख्या चिरा जातात. मिस्टर सरफेसर १५०० चे दोन हात आधी, आणि त्याहून आधी जुन्या स्प्रूच्या (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर चाचणी. वरचा क्लिअर (पारदर्शक थर) २के, म्हणजे हार्डनर मिसळायचा दोन भागांचा, मारणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. सर्जिकल मास्क किंवा एन-९५ वाफेला काहीच उपयोगाचे नाहीत. सेंद्रिय वाफेचे काडतूस असलेला रेस्पिरेटर, खिडकी उघडी, घरात मूल नसताना. यात तडजोड नाही.

क्लिअरवर घासायचं ते आठवड्याने. २००० चा वॉटर पेपर, थेंबभर भांड्याचा साबण घातलेल्या पाण्यात, मग ३०००, मग टॅमियाचे कंपाउंड: लाल झाकणाचं खरखरीत, निळं बारीक, पांढरं शेवटचं. कडा आणि उंचवटे आधीच टेपने झाका, कारण रंग प्रथम तिथूनच उडतो आणि खालून प्रायमर दिसतो. या गाडीला आरशासारखी झळाळी द्यायची गरज नाही, हेही सांगायला हवं. १९६७ ची लोटस शर्यतीचं यंत्र होती. शोरूमची गाडी नव्हती. मी पांढऱ्या झाकणापर्यंत जात नाही, निळ्यावर थांबतो.

डिकल. क्रमांक ५ चं वर्तुळ बॉडीच्या गोलाईवर बसतं. मार्क सॉफ्टर (डिकल मऊ करणारं द्रव) एकदम ओतू नका. आधी पाण्यावर सरकवून जागा, मग कापसाने मधून बाहेर पाणी काढायचं, मग एक थेंब. डिकल सुरकुतली तर हात लावू नका, सुकताना बहुतेक वेळा ती आपोआप बसते. घाबरून बोट लावलं की फाटते. टायरवर काहीही डिकल लावायची असेल तर आधी टायर धुवा आणि मॅट क्लिअरचा हात द्या, नाहीतर अक्षरं सहा महिन्यांत सुटतात. टायरच्या मधली साच्याची रेघ काढायला टायर ड्रिलच्या गोल ब्लॉकवर चढवून मंद वेगाने २४० चा पेपर धरा. थोडा घासलेला दिसतोच, तसाच हवा.

फोटोएच पार्ट्सबद्दल माझं मत थोडं कडू आहे. जाळी आणि बारीक पत्रे चांगले आहेत, त्यांच्यामुळे किट आजच्या काळात येतं. पण सपाट पत्र्यातून केलेला भाग जिथे गोल हवा तिथे सपाटच दिसतो. तिथे प्लॅस्टिकचा भाग ठेवा. वाकवायचा असेल तर आधी गॅसच्या ज्योतीवर क्षणभर लाल करून गार करा, मऊ होतो. सुपरग्लू कमीत कमी, टूथपिकच्या टोकाने. त्याच्या वाफेने विंडस्क्रीन आणि क्रोम धुरकटतात, म्हणून पारदर्शक भागाजवळ नेहमी पीव्हीएसारखा पांढरा ग्लू. विंडस्क्रीनला रिव्हेटच्या खुणा आहेत, त्या चांदीच्या पेनाने ठिपक्या-ठिपक्याने करा, ब्रशने नाही.

पैशाचा भाग. भारतात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७०. स्केल मॉडेल त्याच मथळ्याखाली येतात. त्यामुळे जपानमधली किंमत बघून खूश होऊ नका. टपाल आणि शुल्क धरून दुप्पट पकडा, मग ठरवा. देशातल्या हॉबी दुकानात मिळालं तर थोडं महाग असलं तरी घ्यावं, डबा हातात घेऊन बघता येतो. त्याच पैशात पांढऱ्या धातूचं, रेझिनचं मल्टिमीडिया (अनेक साहित्यांचं मिळून केलेलं) किट येत नाही. अशी किट करणाऱ्या मॉडेल फॅक्टरी हिरोसारख्या कंपन्यांचं काम वेगळ्याच खर्चाचं आणि वेगळ्याच कौशल्याचं आहे, तिथे प्लॅस्टिक सिमेंट चालत नाही आणि प्रत्येक भागावर घासण्याचे तास जातात.

किटशिवाय काय लागेल ते जेवढ्यास तेवढं: १ मिमी पितळी सळई एक, ०.६ ची मऊ वायर दीड मीटर, ०.४ ची नायलॉन दोरी अर्धा मीटर, ०.६ आणि १ मिमीचं ड्रिल, हाताचा ड्रिल-पेन, निमुळता रीमर. पाचशेसातशे रुपयांत बसतं. बाजारात मिळणारे महागडे ‘डिटेल सेट’ घेण्याआधी एवढं करून बघा. त्या सेटमधले टर्न केलेले ट्रम्पेट फक्त मला खरंच पटतात.

जुना, फोटोएचशिवायचा डबा स्वस्तात मिळाला तर सोडू नका, पण तीन गोष्टी तपासा. टायर. जुन्या मऊ टायरमधलं तेल बाहेर येऊन रिमचं प्लॅस्टिक विरघळवतं. एकाच पिशवीत रिमसोबत पडलेले असतील तर रिमवर वितळल्याच्या खुणा आधी बघा, आणि वापरताना रिमवर क्लिअरचा थर द्या. बॉडी. जड वस्तूखाली पडून वाकलेली असेल तर गरम पाण्याने सरळ होते, पण साठ अंशांच्या पुढे नको. डिकल. पिवळी पडलेली शीट पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला, छापील बाजू उन्हाकडे करून, चारपाच दिवस चिकटवून ठेवा. फिल्मचा पिवळेपणा बराच उतरतो. त्यानंतर पाण्यात टाकण्यापूर्वी शीटवर लिक्विड डिकल फिल्मचा एक हात, आणि कोपऱ्यातली नको असलेली एखादी डिकल आधी भिजवून चाचणी. ती पाण्यात तुकडे झाली तर पूर्ण शीटवर आणखी एक हात देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.